बद्रुद्दीन काझी ऊर्फ जॉनी वॉकर : एका विनोदी नटाचे मूल्यमापन

हिंदी चित्रपटसृष्टीला मुस्लिम कलावंतांनी काय दिले, हा विषय निघाला की आपल्याकडे नावांची एक ठरलेली यादी सांगितली जाते. दिलीपकुमार, मधुबाला, मीनाकुमारी, महंमद रफी, नौशाद, साहिर, मजरूह, मेहबूब खान, के. आसिफ. व्याख्यानांतून, ईदच्या अंकांतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून ही यादी अभिमानाने वाचली जाते आणि तो अभिमान रास्तही आहे. मात्र या यादीत जॉनी वॉकर हे नाव क्वचितच येते. आले तरी सांगणारा जरासा हसतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. याची कारणे दोन आहेत असे आम्हास वाटते. एक म्हणजे ते विनोदी नट होते, आणि लोकांना हसवणाऱ्याला आपल्या समाजात अजूनही ‘मसखरा’ यापलीकडे किंमत नाही. दुसरे कारण त्यांचे नाव. दारूच्या बाटलीवरचे नाव घेऊन पडद्यावर झिंगणाऱ्या माणसाचा अभिमान बाळगायचा कसा, हा प्रश्न कुणी उघडपणे विचारत नसले तरी अनेकांच्या मनात असतो.

2025 साली गुरुदत्त यांची जन्मशताब्दी झाली. त्या निमित्ताने ‘प्यासा’ आणि ‘काग़ज़ के फूल’ यांची पुन्हा चर्चा झाली. त्या चर्चेत गुरुदत्त होते, वहीदा रहमान होत्या, छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती होते, संवादलेखक अबरार अल्वी होते. जॉनी वॉकर यांचा उल्लेख मात्र बहुधा एका गाण्यापुरता झाला. गुरुदत्त यांच्या चित्रपटांतून हा माणूस वजा केला तर काय उरते, हा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. तो आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

प्रथम थोडा जीवनवृत्तांत. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी यांचा जन्म इंदूरचा. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली आणि हे मोठे कुटुंब रोजीच्या शोधात मुंबईला आले. बद्रुद्दीनची शाळा सहावीत सुटली. घर चालवण्यासाठी मिळेल ते काम करत करत ते शेवटी बेस्टच्या बसवर कंडक्टर झाले. सिनेमाचे वेड लहानपणापासूनचे होते. त्या काळचे लोकप्रिय विनोदी नट नूर महंमद चार्ली हे त्यांचे दैवत. बसमध्ये तिकिटे फाडता फाडता ते उतारूंना नकला करून हसवत आणि कधीतरी चित्रपटवाल्या कुणाची नजर आपल्यावर पडेल अशी आशा धरून असत.

ती नजर बलराज साहनींची ठरली. साहनी त्या वेळी ‘बाज़ी’ची कथा लिहीत होते. त्यांनी या तरुणाला गुरुदत्त यांच्यासमोर दारुड्याचे सोंग करायला लावले. सोंग इतके हुबेहूब होते की पाहणाऱ्यांना माणूस खरोखरच प्यालेला वाटला. 1951 साली ‘बाज़ी’ आला आणि गुरुदत्त यांनी या नव्या नटाला एका प्रसिद्ध व्हिस्कीचे नाव दिले. जॉनी वॉकर यांनी आयुष्यभर दारूला स्पर्श केला नाही, हे त्यांना ओळखणाऱ्या सर्वांनी सांगितले आहे.

आता या नावाचाच विचार करू. त्या पिढीत नाव बदलणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. यूसुफ ख़ान दिलीपकुमार झाले, महजबीन मीनाकुमारी झाल्या, हमीद अली ख़ान अजित झाले. या नावांमागे बाजाराचा एक हिशेब होता आणि त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. जॉनी वॉकर हे नाव या रांगेत बसत नाही. ते हिंदू नाही आणि मुसलमानही नाही. दुकानाच्या पाटीवरून उचललेले ते नाव आहे आणि ते ऐकताच माणूस हसतो. बाकीच्यांनी नवे नाव घेतले तेव्हा त्यांना नायकाची प्रतिष्ठा मिळाली. काझी या घराण्याच्या नावाचा मुलगा मात्र नाव बदलून बाटली झाला. दीनदार घरातल्या माणसाने हे कसे सोसले असेल, असे आम्हास प्रारंभी वाटत असे. परंतु त्यांचे काम नीट पाहिल्यावर ध्यानात येते की त्यांनी हे नाव कामाचा गणवेश घालावा तसे वापरले. कंडक्टरचा खाकी गणवेश अंगावर असताना माणूस कंडक्टर असतो, घरी आला की तो अब्बा असतो. पडद्यावर जॉनी वॉकर झिंगत राहिले. घरी बद्रुद्दीन काझी न पिणारा, कुटुंबवत्सल माणूस राहिला. या दोहोंत त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही.

दारुड्याच्या भूमिकेबद्दलही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हिंदी पडद्यावर दारुडे दोन प्रकारचे असत. एक देवदास, म्हणजे दुःखाने पिणारा. दुसरा खलनायक, म्हणजे पिऊन बाईवर हात टाकणारा. जॉनी वॉकर यांचा दारुडा या दोघांपेक्षा निराळा आहे. तो कुणाला मारत नाही, कुणाची बेअब्रू करत नाही. अर्धवट मिटलेले डोळे, नाकातून येणारा बारीक आवाज, शब्दाचे शेवटचे अक्षर लांबवण्याची लकब आणि आपण पूर्ण शुद्धीवर आहोत हे समोरच्याला पटवण्याची केविलवाणी खटपट, एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. न पिणारा माणूस पिणाऱ्याकडे बारकाईने पाहतो. रात्रीच्या शेवटच्या बसमध्ये असे किती उतारू त्यांनी पाहिले असतील! विमल रॉय यांच्या ‘मधुमती’त (1958) त्यांनी चरणदास केला. ऋत्विक घटक यांनी लिहिलेली ही पुनर्जन्माची गूढ कथा. तिच्यात हा चरणदास वातावरण न बिघडवता हसवतो. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे फ़िल्मफ़ेअर पारितोषिक मिळाले.

तरीसुद्धा जॉनी वॉकर म्हणजे दारुडा हे समीकरण अपुरे आहे. त्यांच्या गाजलेल्या भूमिका एकापुढे एक मांडून पाहाव्यात. ‘मिस्टर अँड मिसेस 55’मध्ये (1955) ते वर्तमानपत्राचे छायाचित्रकार आहेत आणि बेकार व्यंगचित्रकार मित्राला सांभाळून घेतात. ‘सी.आय.डी.’मध्ये (1956) खिसेकापू आहेत. ‘नया दौर’मध्ये (1957) मुंबईहून खेड्यात आलेले वार्ताहर आहेत. ‘प्यासा’त (1957) डोक्याला तेल लावून चंपी करणारे मालिशवाले आहेत. ‘आनंद’मध्ये (1971) नाटक कंपनीचे मालक आहेत. ‘चाची 420’मध्ये (1997) रंगभूषाकार आहेत. ही यादी आम्हास फार बोलकी वाटते. त्या काळच्या हिंदी नायकाला पुष्कळदा काही धंदाच नसे. तो कवी असे, श्रीमंताचा मुलगा असे, नाहीतर नुसताच प्रेमिक. त्याच्या शेजारी उभा असलेला हा बारीक मिशीचा माणूस मात्र सकाळी कामाला निघतो, चार पैसे कमावतो, आणि त्याच्या विनोदाचा बराचसा भाग त्या कामातूनच निघतो. मालिशवाल्याची हाक, वार्ताहराची खोचक चौकशी, खिसेकापूची सावध बोटे, ही सारी हास्याची साधने धंद्याची आहेत. गिरणीतल्या बापाचा आणि बसवरच्या नोकरीचा हा वारसा आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

‘सी.आय.डी.’मधला खिसेकापू पाहा. राज खोसला यांचे दिग्दर्शन, गुरुदत्त यांची निर्मिती. वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादकाचा खून होतो तेव्हा हा गडी तिथे असतो. सारी रहस्यकथा या क्षुद्र चोराच्या साक्षीवर अडते. मुंबईच्या रस्त्यांवर, घोडागाडीत बसून कुमकुमबरोबर चित्रित झालेले त्याचे गाणे मजरूह यांनी लिहिले आणि ओ. पी. नय्यर यांनी स्वरबद्ध केले. मुंबई शहरावरचे आजही सर्वाधिक आठवले जाणारे हे गीत देव आनंदच्या वाट्याला आले नाही, खिसेकापूच्या वाट्याला आले. शहराची तक्रार कुणाच्या तोंडी शोभेल, हे ते बनवणाऱ्यांना नेमके ठाऊक होते.

आता ‘प्यासा’. या चित्रपटाविषयी लिहिणारे बहुतेक समीक्षक अब्दुल सत्तारला ‘विरंगुळा’ म्हणतात. गंभीर कथेत थोडा श्वास घ्यायला जागा हवी म्हणून तो आहे, असा त्यांचा सूर असतो. आमचे मत निराळे आहे. कथेतली एक घटना आठवावी. कवी विजय मेला अशी वार्ता पसरते. त्याची कविता छापून प्रकाशक गबर होतो. प्रत्यक्षात विजय जिवंत आहे, आणि मीच विजय असे सांगतो म्हणून वेड्यांच्या इस्पितळात अडकला आहे. प्रकाशक त्याला ओळखत नाही. जुना मित्र ओळखत नाही. पैशासाठी सख्खे भाऊदेखील, हा आमचा भाऊ नव्हे, असे सांगून निघून जातात. सुशिक्षित, प्रतिष्ठित, रक्ताचे असे सगळे नाते एकेक करून नकार देते. मग त्याला तिथून बाहेर काढतो कोण? रस्त्यावर चंपी करणारा अब्दुल सत्तार.

ही योजना सहज झालेली नाही. ‘प्यासा’त कवीला खऱ्या अर्थाने ओळखणारी माणसे दोनच आहेत, एक गुलाबो ही वेश्या आणि दुसरा हा मालिशवाला. गुलाबोबद्दल पानेच्या पाने लिहिली गेली, कारण ती करुण आहे. सत्तारबद्दल लिहिले गेले नाही, कारण तो हसवतो. वास्तविक चित्रपटाने दोघांना एकाच पंक्तीत बसवले आहे. तेव्हा त्याचे ते प्रसिद्ध गाणेही पुन्हा ऐकले पाहिजे. साहिर यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि रफ़ी यांचा आवाज. वरवर पाहता ती एका फेरीवाल्याची जाहिरात आहे. पण त्या जाहिरातीत तो मालक आणि नोकर, राजा आणि प्रजा यांना एकाच तेलाच्या बाटलीखाली आणतो. ज्या साहिर यांनी याच चित्रपटात जगाला धिक्कारणारी गीते लिहिली, त्यांनीच ही चंपीची हाकही लिहिली. ती वेगळ्या चित्रपटातून आली आहे असे मानण्याचे कारण नाही. विजय जे रागाने सांगतो ते सत्तार हसत सांगतो.

येथे आपल्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हिंदी चित्रपटातील मुसलमान म्हटले की आपले लेखक दोन चित्रे पुढे करतात. एक नवाब, म्हणजे शेरवानी, पानदान, मुशायरा, पडद्याआडची दोन डोळ्यांची नायिका. दुसरा अलीकडचा, म्हणजे टोळीवाला, नाहीतर दहशतवादी. पहिल्या चित्राची आठवण काढून आपण उसासे टाकतो, दुसऱ्यावर निषेधाचे ठराव करतो. पण नवाब हा तरी आपला कोण होता? इंदूरच्या गिरणीतला, भिवंडी-मालेगावच्या मागावरचा, कोकणातल्या होडीवरचा मुसलमान नवाबाच्या हवेलीत कधी गेला होता? अब्दुल सत्तार मात्र आपला आहे. त्याचे नाव मुसलमानाचे आहे, पण कथेत त्या नावाचा गाजावाजा नाही. तो धर्मावर भाषण देत नाही, एकात्मतेचे प्रतीक म्हणून उभा राहत नाही. कामावर जातो, प्रेम करतो, मित्राच्या उपयोगी पडतो. आजच्या पडद्यावर असा साधा, कामकरी, कुणाला काही सिद्ध करून न दाखवणारा मुसलमान शोधावा लागतो. आम्ही नवाबाचे गुणगान करीत बसलो आणि सत्तारला विसरलो, ही आपल्या समीक्षेतील मोठी उणीव आहे.

जॉनी वॉकर यांनी नवाबी वातावरणातही काम केले. ‘चौदहवीं का चाँद’मध्ये (1960) ते लखनौच्या तीन मित्रांपैकी एक आहेत. गुरुदत्त आणि रहमान ज्या अदबीने प्रेमाची आणि त्यागाची भाषा बोलतात, त्याच अदबीला हा तिसरा मित्र गुदगुल्या करतो. तहज़ीबीचा अतिरेक हास्यास्पद कसा होतो हे तो दाखवतो, पण तहज़ीबीची टिंगल करत नाही. ‘मेरे मेहबूब’मध्ये (1963) तर गंमतच आहे. अलीगढच्या पार्श्वभूमीवरील या मुस्लिम सामाजिक चित्रपटात राजेंद्रकुमार अन्वर झाले आणि बद्रुद्दीन काझी झाले बिंदादीन रस्तोगी ‘घायल’, म्हणजे उर्दूत शायरी करणारा हिंदू मित्र! आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू ही आपली एकट्याची मिरास आहे असे मानणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांना आम्ही या पात्राचे उदाहरण आवर्जून देतो. त्याचप्रमाणे उर्दू म्हणजे केवळ पाठ्यपुस्तक किंवा मुशायरा असे समजणाऱ्यांना अब्दुल सत्तारची आणि ‘सी.आय.डी.’तल्या गड्याची बोली ऐकण्याची शिफारस करतो. फुटपाथवर, बसमध्ये, बाजारात जी उर्दू-हिंदी-मुंबईया जबान जगते, तिला पडद्यावर इज़्ज़त देणाऱ्यांत त्यांचे स्थान वरचे आहे.

रफ़ी यांच्याशी त्यांचे जे नाते जमले, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. रफ़ीसाहेब ज्या नटासाठी गात त्याचा ढंग आवाजात उतरवत, हे सर्वश्रुत आहे. जॉनी वॉकर यांच्यासाठी गाताना ते आवाज किंचित नाकात घेतात, शब्द खेळकरपणे ओढतात आणि गाणे कोण म्हणत आहे हे डोळे मिटूनही कळते. विनोदी नटाला स्वतंत्र गाणे असावे ही प्रथा त्यांच्यामुळे दृढ झाली आणि पुढे मेहमूदसारख्या नटांना तिचा लाभ मिळाला.

मूल्यमापन करायचे तर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘काग़ज़ के फूल’मध्ये (1959) त्यांनी नायकाचा मेहुणा रॉकी केला. साहेबी थाटाचा, घोड्यांच्या शर्यतींत रमलेला हा श्रीमंत माणूस मूळ कथेला कुठेही चिकटत नाही. त्याचे प्रसंग काढून टाकले तरी चित्रपटाचे काही बिघडणार नाही. ‘प्यासा’तील सत्तारबद्दल असे म्हणता येत नाही, आणि या दोन भूमिकांतील फरकच त्यांच्या सामर्थ्याचा पुरावा आहे. कामधंद्याच्या माणसात ते फुलत, रिकामटेकड्या श्रीमंतात कोमेजत. दुसरी मर्यादा पुनरावृत्तीची. त्यांच्या चित्रपटांची संख्या तीनशेच्या घरात सांगितली जाते. इतक्या कामात तीच लकब, तोच आवाज, तेच डोळे पुन्हा पुन्हा येणे अटळ होते आणि अनेक दिग्दर्शकांना त्यापलीकडे काही नकोच होते. ‘छू मंतर’ (1956), ‘जॉनी वॉकर’ (1957), ‘मिस्टर कार्टून एम.ए.’ (1958) अशा चित्रपटांत ते नायक झाले. एका विनोदी नटाचे नाव थेट चित्रपटाला दिले जावे हा मान मोठा होता. तरी नायकपद त्यांना मानवले नाही, कारण त्यांचे सामर्थ्य दुसऱ्याच्या शेजारी उभे राहण्यात होते.

1964 साली गुरुदत्त गेले. त्यानंतरही जॉनी वॉकर काम करीत राहिले. ‘शिकार’साठी (1968) विनोदी नटाचे फ़िल्मफ़ेअर पारितोषिकही त्यांनी मिळवले. पण काळ बदलत होता. मेहमूद यांचा भडक, वेगवान विनोद लोकांना आवडू लागला होता. सत्तरच्या दशकात तर नायकानेच विनोदाचे काम आपल्याकडे घेतले, तेव्हा नायकाच्या मित्राची गरजच उरली नाही. त्यात द्व्यर्थी संवादांचे दिवस आले. आपल्या शेकडो चित्रपटांतील एकाही वाक्याला सेन्सॉरने कात्री लावली नाही, हे जॉनी वॉकर मुलाखतींत अभिमानाने सांगत. बायकामुलांना घेऊन सिनेमाला येणाऱ्या माणसाची मान खाली जाता कामा नये ही त्यांची कसोटी होती. ती सोडून काम मिळवण्यापेक्षा त्यांनी काम कमी करणे पत्करले. 1985 साली ‘पहुँचे हुए लोग’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, पण तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

उतरत्या काळातील एक भूमिका मात्र त्यांच्या साऱ्या कारकिर्दीवर प्रकाश टाकते. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’मध्ये नायकाला एक खोड आहे. अनोळखी माणसाला जुन्या मित्राच्या नावाने हाक मारायची आणि ओळख काढायची. लोक चिडतात, वैतागतात, निघून जातात. ईसाभाई सूरतवाला हा एकच माणूस असा निघतो की जो त्या खोट्या ओळखीला तितक्याच सहजतेने खोटी ओळख देतो आणि खेळ पुढे चालवतो. पुढे त्याला कळते की हा हसरा मुलगा मरणाच्या दारात आहे. त्या वेळी जॉनी वॉकर यांचा चेहरा पाहावा. हसवण्याची सवय असलेला तो चेहरा हसू सावरायला धडपडतो आणि त्याला ते जमत नाही. वीस वर्षे ज्या चेहऱ्याने प्रेक्षकांना हसवले, तोच चेहरा येथे रडतो म्हणून तो प्रसंग काळजाला भिडतो. आनंदच्या मृत्यूनंतर टेपवरून जे नाटकी ढंगाचे बोल ऐकू येतात, त्यांचा लहजाही या ईसाभाईच्या नाटक कंपनीतला आहे. म्हणजे मरणासमोर उभे राहण्याची भाषा नायकाने एका विनोदी नटाकडून घेतली.

रुस्तम, चरणदास, अब्दुल सत्तार, बिंदादीन, रॉकी, ईसाभाई, जोसेफ. पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशी सारी नावे या एका नटाने वापरली आणि कुठल्याही जमातीला आपली टवाळी झाली असे वाटू दिले नाही. आज विनोदावरून तक्रारी, मोर्चे आणि खटले होण्याच्या दिवसांत ही गोष्ट साधी नाही. जोसेफ हा ‘चाची 420’मधला दारुडा रंगभूषाकार. अनेक वर्षांच्या विश्रांतीनंतर कमल हासन यांच्यासाठी त्यांनी तो केला आणि नव्या पिढीला कळले की हा म्हातारा एका नजरेत काय करू शकतो. 29 जुलै 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सहावीत शाळा सुटल्याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती आणि ती भरून काढण्यासाठी त्यांनी आपल्या मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवले. शिक्षक या नात्याने आम्हास ही गोष्ट त्यांच्या कुठल्याही पारितोषिकाइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्या वस्त्यांतून आजही सहावी-सातवीत शाळा सोडून कामाला लागणारी मुले आहेत आणि त्यांच्यातही नकला करणारा, वर्ग हसवणारा एखादा असतोच. त्याला आपण बाकावर उभे करतो. कोकणातले मुक्री, पुण्याचे आगा, इंदूरहून मुंबईला आलेले बद्रुद्दीन काझी ही सारी अशाच मुलांची मोठेपणीची नावे आहेत.

तेव्हा पुढल्या वेळी आपल्या कलावंतांची यादी वाचली जाईल, तेव्हा तीत जॉनी वॉकर हे नाव न संकोचता घ्यावे, आणि ते घेताना बाटलीऐवजी अब्दुल सत्तारची तेलाची कुपी डोळ्यांपुढे आणावी. ज्या माणसाला सख्ख्या भावांनीही ओळख नाकारली, त्याला मोकळे करणारा तो माणूस आपल्या समाजातला होता आणि तो अंगमेहनतीची रोटी खाणारा होता. त्याला आपल्या साहित्यविचारात जागा मिळावी एवढीच आमची अपेक्षा आहे.